घरून शिवणकाम सुरू करायचंय: ब्लाऊज, पिको-फॉल की आल्टर? आणि दर कसे ठरवायचे?

बार्शीकर_शिवण

नमस्कार. शिवण-कर्तनाचा सहा महिन्यांचा कोर्स झाला आहे. साधा ब्लाऊज, अस्तरचा ब्लाऊज, कटोरी (छातीला वेगळा गोल तुकडा जोडलेला ब्लाऊज), पंजाबी ड्रेस आणि लहान मुलींचे फ्रॉक जमतात. प्रिन्सेस कटवर हात अजून बसलेला नाही. घरी मोटर लावलेली काळी मशीन आहे. ओव्हरलॉक (कापडाची कापलेली कड दोऱ्याने बंद करणारी मशीन) नाही, पिको (साडीच्या कडेला बारीक शिलाई मारणारी मशीन) नाही. हातात २५,००० रुपये आहेत आणि दिवसाला पाच तास मोकळे मिळतात. राहायला बार्शीत.

विचारायचं आहे ते असं:
१. पैसे नेमके कशात सुटतात? आमच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या तीन जणी आधीच आहेत.
२. दर शेजारच्यांएवढाच ठेवायचा की हिशेब करून ठरवायचा? हिशेब करायचा तर कसा?
३. २५,००० मध्ये आधी काय घ्यावं?

अनुभवी मंडळींनी आकड्यांसकट सांगितलं तर बरं होईल.

उरेब

दर शेजारणीला विचारून ठरवू नका, घड्याळाला विचारून ठरवा. या धंद्यात विकायला आपल्याकडे तासच असतात, आणि बहुतेक जणी तेच मोजत नाहीत.

अस्तरच्या एका ब्लाऊजला खरा वेळ किती जातो ते बघा. माप घेणं आणि गळा-बाही ठरवणं २० मिनिटं, बेतणं ३० मिनिटं, मशीनवर शिवण ९० मिनिटं, हूक-आय, हातशिलाई आणि इस्त्री ४० मिनिटं. म्हणजे तीन तास. "दीड तासात ब्लाऊज होतो" असं म्हणणारे फक्त मशीनवरचा वेळ धरतात.

आता हिशेब. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या बाजारातले भाव घालून बघा. अस्तर, दोरा, हूक, कॅनव्हास आणि पायपिंगची दोरी मिळून ९० रुपये. वीज, सुया, तेल, मशीनची दुरुस्ती यांचे २० रुपये. तासाला १०० रुपये सुटावेत असं धरलं तर तीन तासांचे ३००. झाले ४१०. वर दहा टक्के, म्हणजे ४१ रुपये, परत येणाऱ्या कामासाठी ठेवायचे, कारण दहातला एखादा ब्लाऊज सैल-घट्ट करायला येतोच आणि ते काम फुकट करावं लागतं. म्हणून दर ४५०.

गल्लीतला दर ३५० असेल तर? ३५० मधून ११० खर्च आणि ३५ राखीव काढले की २०५ उरतात. तीन तासांनी भागले तर तासाला ६८ रुपये. इथे पुष्कळ जणी अस्तर हलकं वापरतात नाही तर हातशिलाईला फाटा देतात, आणि गिऱ्हाईक तिथेच तुटतं. कापायचा तो वेळ. चार ब्लाऊज एकाच बैठकीत बेता. चारही अस्तरं आदल्या दिवशी एकत्र भिजवून वाळवा. एका रंगाच्या दोऱ्याची कामं सलग घ्या, बॉबिन आधीच भरून ठेवा. चौघींच्या बाह्या ओळीने, मग चौघींचे गळे, असं शिवा. हूक मशीनच्या वेळेत लावू नका, संध्याकाळी एकदम बसा. तीन तासांचे सव्वादोन झाले की त्याच ३५० मध्ये तासाला ९१ सुटतात.

आता इतर कामं त्याच काट्यावर तोला:

फॉल-पिको, दर १२० धरला. फॉल आणि दोरा ३०. उरले ९०. वेळ ४० मिनिटं. तासाला १३५.
रेशमी साडीचा हाताने लावलेला फॉल, दर २००. खर्च ३०. वेळ सव्वा तास. तासाला १३६.
कुर्तीला बाजूने फिटिंग, दर ५०. बोलण्यासकट २० मिनिटं. तासाला १५०.

म्हणजे ज्या कामाला आपण "किरकोळ" म्हणतो ते तासाच्या हिशेबात ब्लाऊजच्या वर जातं. पण नुसत्या किरकोळ कामावर पाच तास भरत नाहीत. बाई एकदा ब्लाऊज बसला की वर्षानुवर्षं तुमच्याकडेच येते, आणि येताना फॉल, कुर्ती, मुलीचा परकर सगळं घेऊन येते. म्हणून ब्लाऊज हा दरवाजा समजा. पहिले सहा महिने वेळेची वही ठेवा: काम, सुरू, संपलं. त्या वहीशिवाय कुणी सांगितलेला कुठलाच दर, माझा वरचाही, तुमच्या उपयोगाचा नाही.

सुई११

यंत्राबद्दल लिहितो.

२५,००० मधून एकदम नवी मशीन घेऊ नका. क्रम असा ठेवा: चांगली इस्त्री आणि कंबरेएवढ्या उंचीचं टेबल, मग ओव्हरलॉक, मग पिको, आणि काम वाढलं की सरळ शिलाईची औद्योगिक मशीन. जमिनीवर वाकून बेतलं की पाठ आधी जाते आणि बेतही चुकतो.

ओव्हरलॉक आधी का? आल्टरच्या कामात आतली कापलेली कड उघडी राहिली तर ती दुसऱ्या धुण्यात सुटते आणि तक्रार येते. तीन दोऱ्यांची छोटी ओव्हरलॉक पुरते. ओवताना आधी दोन्ही लूपर (खालून दोरा नेणारे आकडे), सुई सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की दोरा तुटत राहतो आणि माणूस मशीनला दोष देतो.

पिकोचं गणित सोपं आहे. सध्या पिको दुसऱ्याकडून करून घेतलं तर एका साडीमागे समजा २० रुपये जातात. मशीन ९,००० ची धरली तर ४५० साड्या झाल्यावर ती फिटते. महिन्याला दहाच साड्या येत असतील तर पावणेचार वर्षं लागतील, घेऊ नका. चाळीस येत असतील तर वर्षभरात सुटते. भाव तुमच्या बाजारात विचारा, रीत हीच ठेवा.

औद्योगिक मशीन घ्याल तेव्हा सर्व्हो मोटर किंवा डायरेक्ट ड्राइव्हचीच घ्या. जुनी क्लच मोटर स्वस्तात मिळते, पण तुम्ही शिवत नसाल तेव्हाही ती फिरत राहते. वीज खाते, घरभर आवाज करते. सर्व्हो फक्त पाय दाबल्यावर फिरते आणि वेग कमी ठेवता येतो, गळ्याच्या गोलाईवर त्याचा फार फायदा होतो. जुनी मशीन बघायला जाताना सोबत दोन तुकडे न्या, एक पातळ रेशमी, एक जीनचा चौपदरी. दोन्हीवर टाका सारखा पडला पाहिजे. सुईचा दांडा हाताने हलवून बघा, डुगडुगत असेल तर सोडून द्या.

आणि काळ्या मशीनला कमी लेखू नका. तिच्यावरच्या बहुतेक तक्रारी सुई आणि ताणाच्या असतात. रेशमी आणि पातळ कापडाला ११ नंबरची सुई, सुती आणि अस्तरच्या ब्लाऊजला १४, जीनला १६ किंवा १८. सात-आठ तास शिवण झाली की सुई बदला. बोथट सुईने रेशमात धागा ओढला जातो आणि त्याची रेघ कधी जात नाही. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता येत असेल तर बॉबिनला हात लावू नका, वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. दाबपट्टी वर करून पुन्हा ओवा. टाका सुटत असेल तर सुई वाकडी आहे किंवा पूर्ण वर बसलेली नाही. रेशमावर शिवणीच्या चुण्या पडत असतील तर ताण सैल करा आणि टाका अडीच मिलिमीटरवर आणा.

दीडइंच_दाब

उरेब यांनी दहा टक्के राखीव सांगितले ते बरोबर, पण परत येणारं काम कमी कसं करायचं ते जास्त महत्त्वाचं. ब्लाऊज परत येतो तो ठरावीक सहा-सात कारणांनी. प्रत्येक कारण बेततानाच अडवता येतं.

खांदा उतरतो. मागचा गळा आठ इंच किंवा जास्त खोल आणि आडवा गळाही रुंद, दोन्ही एकदम ठेवलं की खांदा धरून ठेवायला कापडच उरत नाही. मागचा गळा खोल हवा असेल तर आडवा गळा अरुंद ठेवा, अर्धा खांदा पाव ते अर्धा इंच कमी घ्या आणि वरती नाडी द्या. गिऱ्हाईक "नाडी नको" म्हणालं तर गळ्याची खोली कमी करायला सांगा. दोन्ही मिळणार नाही हे माप घेतानाच बोलायचं.

मागचा गळा फुगतो, पाठीला टेकत नाही. गळ्याची गोलाई तिरप्या धाग्यावर येते आणि शिवताना ताणली जाते. कापल्याबरोबर, दुसरं काही करण्याआधी, कडेपासून पाव इंच आत एक धावती शिलाई घाला, म्हणजे गोलाई वाढत नाही. पायपिंगची पट्टी खऱ्या उरेबात, ४५ अंशात, सव्वा इंच रुंद कापा. सरळ धाग्याची पट्टी गोलाईवर कधीच बसत नाही. लावताना गोलाईत पट्टी किंचित ओढून धरा, ब्लाऊजचं कापड मात्र अजिबात ओढू नका. उलटवण्याआधी दर अर्ध्या इंचावर काप द्या, शिवणीच्या एक धागा अलीकडेपर्यंत.

बगलेपाशी झोळ. पुढचा मुंढा (बाही जोडायची गोलाई) मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच आत खोलवायचा राहिला. नाही तर बाही उलटी लागली, डावी उजवीकडे. बाही कापतानाच पुढच्या बाजूला खडूची खूण करा.

हात वर केला की ब्लाऊज वर येतो. इथे बहुतेक जणी मुंढा आणखी खाली खणतात आणि दुखणं वाढवतात. मुंढा जितका खाली तितकं हात उचलताना अख्खं अंग वर ओढलं जातं. मुंढा बगलेच्या जवळ ठेवायचा आणि बाहीच्या गोलाची उंची थोडी कमी करून बाहीची रुंदी वाढवायची.

टक्स (छातीला आकार देणाऱ्या चिमट्या) चुकीच्या जागी. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं माप आणि दोन टोकांमधलं अंतर ही दोन मापं न घेता बेतलेला ब्लाऊज नशिबावर बसतो. टक्स टोकाच्या अर्धा ते एक इंच अलीकडे संपवायचा. अगदी टोकावर संपवला तर तिथे शंकूसारखा उभा राहतो. शेवटचे दोन-तीन टाके कडेच्या एकाच धाग्यावर न्या आणि दोऱ्याला गाठ मारा. तिथे उलट शिलाई मारू नका, खड्डा पडतो.

हुकांमध्ये फट. छातीत सैलपणा कमी पडला किंवा हूक लांब-लांब लागले. सव्वा ते दीड इंचावर एक हूक, आणि त्यातला एक नेमका छातीच्या रेषेवर. वरून मोजत खाली गेलात तर ती रेषा दोन हुकांच्या मध्ये येते आणि तिथेच फट पडते. म्हणून छातीच्या रेषेवरचा हूक आधी लावा, मग वर-खाली वाटा.

पहिल्या धुण्यानंतर आवळला. अस्तर न भिजवता वापरलं. सुती अस्तर दोन-तीन तास पाण्यात ठेवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच बेतायचं. नाही तर अस्तर आटतं, वरचं रेशीम आटत नाही, आणि वर चुण्या येतात. यावर उपाय नाही, अख्खा उसवावा लागतो.

दोन्ही बाजूंना दीड इंच दाब, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, ठेवा. गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही, पण दोन वर्षांनी वजन वाढलं की सैल करायला ती तुमच्याकडे येते, आणि तेव्हा ते काम पैसे देणारं असतं. बाजूला तीन शिलाया मारा, अर्ध्या-अर्ध्या इंचावर, म्हणजे नुसती आतली उसवली की झालं.

मापाचा ब्लाऊज देतात तेव्हा तो तसाच उतरवू नका. "यात कुठे घट्ट होतं, कुठे सैल, गळा किती हवा" हे तीन प्रश्न विचारून लिहून घ्या. जुना ब्लाऊज ताणलेला असतो, टेपवर छाती अर्धा इंच जास्तच दिसते.

बार्शीकर_शिवण

सगळ्यांचे खूप आभार. वेळेची वही आजपासून सुरू केली. दोन शंका आहेत. लग्नसराईत पैठणीचे ब्लाऊज येतील, ते घ्यावेत का? आणि शिवताना कापड बिघडलं तर भरपाई कुणी द्यायची?

काठपदर

घ्या, पण साध्या ब्लाऊजचे पंचवीस-तीस चांगले बसल्यावर. पैठणीच्या ब्लाऊजपीसला दुसरा तुकडा नसतो.

आधी हे बघा की ब्लाऊजपीस साडीला जोडून आहे का. असेल तर तो पदराच्या विरुद्ध टोकाला, नेसताना आत खोचतात त्या बाजूला असतो. कापण्याआधी साडी पूर्ण उलगडून गिऱ्हाइकासमोर टोक नक्की करा आणि तिच्यासमोरच कापा. पीस मोजून वहीत लिहा. ८० सेंटिमीटर निघाला आणि तिला कोपरापर्यंत बाही हवी असेल तर आधी कागदी बेत मांडून दाखवा, मगच हो म्हणा.

काठ बाहीच्या खालच्या कडेला येणार असेल तर तिथे दुमडायला कापड सोडू नका, काठाची मूळ कड हीच बाहीची कड. अस्तर आतून हाताने जोडा. दोन्ही बाह्यांची बुट्टी समोरासमोर, सारख्याच उंचीवर यायला हवी. त्यासाठी एक बाही कापून ती दुसऱ्यावर उलटी ठेवून बुट्टी जुळवायची आणि मग कापायची. दुमडून दोन्ही एकदम कापल्या तर बुट्टी हमखास सरकते.

इस्त्री उलट बाजूने, मध्यम गरम, वर सुती फडकं ठेवून. रेशमावर पाणी शिंपडू नका, डाग पडतात. टाचण्या फक्त दाबाच्या आत लावा, भोकं राहतात. खडूही उलट बाजूलाच, आणि आधी कोपऱ्यावर पुसून बघा.

फॉलबद्दलही दोन शब्द, कारण उरेब यांनी दर सांगितला पण चूक कुठे होते ते राहिलं. सुती फॉल रात्रभर भिजवून, इस्त्री करून घ्या, नाही तर तो आटतो आणि साडीची खालची कड गोळा होते. रंग सुटतो का तेही भिजवताना कळतं. साडीचे दोन्ही काठ वेगळे असतील तर खाली कुठला हे विचारून त्यालाच सेफ्टी पिन लावून ठेवा. चुकीच्या काठाला फॉल लागणं ही सगळ्यात महागडी चूक. फॉल उलट बाजूला, आतल्या टोकापासून साधारण एक वीत सोडून सुरू करा, दोन्ही टोकं अर्धा इंच आत दुमडा. वरची कड हाताने लावताना साडीचा एकच धागा उचला, आणि दोरा फॉलच्या नाही, साडीच्या रंगाचा घ्या. पदराला गोंडे असतील तर त्या टोकाला पिको नाही.

भरपाईचं म्हणाल तर आपल्या हातून बिघडलं तर आपणच द्यायची, त्यावर वाद घालू नये. पण जे आधीपासून होतं त्याची भरपाई द्यावी लागू नये म्हणून कापड घेतानाच उजेडात उलगडा. डाग, विणीतला दोष, जरीचा धागा निघालेली जागा, सगळं वहीत लिहा आणि तिला दाखवा. पावतीच्या पानावर कापडाचा छोटा तुकडा स्टेपल करा, गळ्याचं चित्र काढा, तारीख घाला, अर्धे पैसे आगाऊ घ्या. तोच नंबर पिशवीवर. गणपतीच्या आठवड्यात वीस पिशव्या साचतात तेव्हा हे पान वाचवतं.

कात्री_खडू

थोडा वेगळा मुद्दा. ब्लाऊजला दरवाजा म्हणणं पटतं, पण ज्या गल्लीत तीन जणी आहेत तिथे दरवाजा आल्टरचा करावा असं मला वाटतं. त्या तिघींना आल्टरचं काम नको असतं. त्यांच्याकडून ते तुमच्याकडे येऊ शकतं, आणि भांडणही होत नाही.

जीनची उंची कमी करणं शिकून घ्या, मूळ कड तशीच ठेवून. हे नीट करणारे थोडे आहेत. पद्धत: जीन आधी एकदा धुतलेली असावी, सुती जीन आटते. पायात घालून, रोजचे बूट-चप्पल घालून माप घ्या. समजा ३ इंच कमी करायची आहे. पाय बाहेरच्या बाजूला वर दुमडा. मूळ कडेच्या वरच्या शिवणीपासून दुमडीपर्यंतचं अंतर ३ च्या निम्मं, म्हणजे दीड इंच, सगळीकडे सारखं ठेवा. टाचण्या लावून मूळ कडेला अगदी खेटून, कडेच्या जाड भागावर न चढता, गोल शिलाई मारा. १६ किंवा १८ ची सुई, टाका लांब. बाजूच्या जाड शिवणीवर हातोडीने हलके ठोके देऊन ती चपटी करा आणि दाबपट्टीच्या मागे पुठ्ठ्याची घडी टेकू म्हणून ठेवा, नाही तर सुई तिथेच तुटते. मग कड खाली ओढून घालून बघायला सांगा. पसंत पडल्यावरच आतलं जास्तीचं कापड अर्धा इंच ठेवून कापा, ओव्हरलॉक करा, इस्त्रीने दाबा. कापण्याआधी घालून बघणं सोडू नका, वीस मिनिटांच्या कामात पूर्ण जीनची भरपाई बसते.

सोलापुरात युनिफॉर्म शिवणाचा मोठा धंदा आहे, तिथून नगावर काम मिळू शकतं. घेण्याआधी दहा नग शिवून वेळ मोजा. दोरा कुणाचा, नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा, नाकारलेला नग कुणाच्या पदरात, हे तिन्ही लिहून घ्या. नगाला मिळणारा दर तासात बदलला की बऱ्याचदा फॉलच्या निम्माही पडत नाही.

काठपदर

आल्टरचा मुद्दा मान्य, फक्त एक जोडते. जुना कपडा उसवला की जुन्या शिवणीची भोकं आणि न उडालेल्या रंगाची पट्टी दिसते. सैल करायला आलेल्या कपड्यात हे आधी एक इंच उसवून दाखवा.

सुई११

तयार वस्तूंचा विचार करायचा तर बारशाचा सेट करा: कुंची, झबलं, टोपडं, दुपटं, लाळेरं. मापं ठरलेली, फिटिंगची कटकट नाही, आणि पाच तासांतला रिकामा वेळ यात भरतो. तान्ह्या बाळाच्या झबल्याला छाती १८ इंच, उंची ११ इंच पुरते. कापड सुती मलमल, आधी धुतलेलं. आतली शिवण अंगाला लागू नये म्हणून दुमडून दुहेरी शिवा. बटण लावू नका, निघून तोंडात जाऊ शकतं. बंद लावा, पण अगदी आखूड, गळ्यात गुंतता कामा नये. कुंचीला बाहेरून काठ लावा, आत मऊ अस्तर. काठाची जर बाळाच्या कातडीला लागू देऊ नका. लाळेऱ्यासाठी टॉवेलचं कापड लागतं आणि सोलापूर त्याचंच गाव आहे, तुमच्यापासून लांब नाही.

हंगाम लक्षात ठेवून माल करा. संक्रांतीच्या महिनाभर आधी बोरन्हाणाचे काळे झबले आणि फ्रॉक. गुढीपाडव्याआधी आणि श्रावणात मंगळागौरीसाठी शिवलेल्या नऊवाऱ्या. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईचे ब्लाऊज. शिवलेली नऊवारी शिकायची तर आधी लहान मुलीची शिका, कापड कमी लागतं आणि काष्ट्याचं तंत्र तेच.

उरेब

२५,००० पुरणार नाहीत असं वाटलं तर पीएम विश्वकर्मा योजना बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर. कर्ज पाच टक्के व्याजाने: पहिला टप्पा १ लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडायचा, नंतर दुसरा २ लाखांपर्यंत, ३० महिन्यांत. वय १८ पूर्ण हवं, कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि घरात सरकारी नोकरी असेल तर मिळत नाही. अर्ज सामान्य सेवा केंद्रातून होतो. तुमच्याकडे पहिली पडताळणी नगरपरिषदेत होईल.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, वेगळी. ती आधार क्रमांकावर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. कुणी तिचे पैसे मागितले तर देऊ नका. व्हाउचरमधून ओव्हरलॉक मिळत असेल तर ती घ्या, कर्ज मात्र वेळेच्या वहीत सहा महिन्यांचे आकडे आल्यावरच.

बार्शीकर_शिवण

दरांची यादी केली आहे, कुठे चुकतंय सांगा. साधा ब्लाऊज २००, अस्तरचा ४००, कटोरी अस्तरसकट ४३०, पायपिंग वेगळे ३०, फॉल-पिको १२०, हाताने फॉल २००, कुर्ती फिटिंग ५०, जीनची मूळ कड ठेवून ८०, पैठणीचा ब्लाऊज सध्या घेणार नाही.

उरेब

कटोरीचा दर कमी आहे. अस्तरच्या ब्लाऊजपेक्षा कटोरीला वरच्या कापडात आणि अस्तरात मिळून चार जास्तीचे गोल जोड येतात. तुमची वही बघा, निदान ४० मिनिटं जास्त लागत असणार, आणि त्याचे तुम्ही ३० रुपये लावलेत. ४७० करा. यादीत हूक बदलणे, उसवलेली शिवण आणि चेन बदलणे घाला. चेनची किंमत वेगळी लिहा, नाही तर चांगल्या चेनचा भुर्दंड मजुरीतून जातो. आणि तातडीच्या कामाला दीडपट. गणपतीच्या पंधरा दिवस आधी नवीन काम बंद होईल अशी तारीखही याच पाटीवर, जाड अक्षरात.

दीडइंच_दाब

सैल करण्याचा दर राहिला. ज्या ब्लाऊजमध्ये दाब आहे त्याला ४०, आणि ज्यात नाही, बगलेखाली पट्टी जोडावी लागते, त्याला १००. दोन्ही वेगळे लिहा. पट्टीसाठी कापड गिऱ्हाइकाकडूनच मागा. म्हणूनच ब्लाऊज शिवताना उरलेला तुकडा फेकायचा नाही, पिशवीत घालून परत द्यायचा.